पोटखराबा

संकेश्वर स्टँडवर बसलिंग माझ्या आधीच येऊन बसलेला.
पिशवीत दोन भाकऱ्या, शेंगाची चटणी,
आणि मोजणीच्या साखळीची एक जुनी कडी.
"मोजणी नाही रे आज, रिटायर झालो की दोघं."
"होय की," तो म्हणाला,
"खरं हात रिकामा बरा वाटत नाही."

आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत.

लाल बस फाट्यावर सोडून हुक्केरीकडे गेली.
पाटीवर गावाचं नाव दोन लिप्यांत,
एकीवर डांबर.
कुठल्या ते सांगत नाही,
दर काही वर्षांनी बदलतं.

गडाची नावंही तीन, ज्याला विचाराल त्याचं एक.
चौथं माझ्या दप्तरात होतं:
सर्व्हे नंबर, आणि पुढं माझ्याच वळणदार अक्षरात
पोटखराबा.
पिकत नाही म्हणून. आकार, काही नाही.
सव्वीस वर्षांचा होतो.
कमानीच्या सावलीत टेबल मांडून नकाशा रेघला,
बुरूज म्हणजे मला झेंडा रोवायला उंच जागा.
वर बघितल्याचं आठवत नाही.

आज बघितलं.
कमानीतला एक दगड खाली सरकून
मधेच थांबलाय, कुणीतरी हाक मारल्यासारखा.
बाजूला कोरलेलं जनावर, तोंड झिजलेलं.
सिंह असेल, शरभ असेल;
शेळ्या राखणारं पोर म्हणालं, कुत्रं.

तटाचे घडीव दगड आता खाली गावात आहेत.
एक गोठ्याच्या उंबऱ्याला, एक धुणं धुवायला,
एकाच्या बिजागरीच्या भोकात
कोंबड्या पाणी पितात.
परड्यात शेंगा वाळत घालणाऱ्या बाईनं
मान न उचलता विचारलं, "यार बेक्री?"
कोण पाहिजे.
बसलिंगनं सांगितलं, "यारू ब्याड."
कुणी नको.
ती पुन्हा शेंगांकडं वळली,
जणू असेच लोक येतात इथं,
कुणीच नको असलेले.

मग विहीर. वरून बघितली तर जमिनीला पडलेली चीर,
आणि चिरेतून खाली उतरत गेलेल्या पायऱ्या,
तळाशी हिरवं, जाड, न हलणारं पाणी.
बसलिंगचे गुडघे गेलेत, तरी उतरला,
भिंतीला हात लावून, मोठ्यानं:
ओंदु, एरडु, मूरु…
मी मागं, मनात: एक, दोन, तीन.
खाली पोचलो तेव्हा त्याच्या त्रेचाळीस,
माझ्या बेचाळीस.

चाळीस वर्षं साखळी धरली दोघांनी,
एका कडीचा फरक कधी पडला नव्हता.
"तुमचं चुकलं, साहेब."
"तुझं."
वर चढताना पुन्हा मोजल्या, धापा टाकत.
पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा मी त्याच्या पायांकडं बघत उतरलो.
तळापासून सातवी पायरी मधोमध फुटलेली,
भिंतीकडचा वीतभर तुकडा तेवढा उरलाय.
मी ती ओलांडतो, लांब टांग टाकून,
तेव्हाही ओलांडली असणार.
तो तिच्यावर पाऊल ठेवतो.
"ही कशी धरतोस? अर्धीच आहे."
"अर्धी," तो म्हणाला, "खरं आहे की."

भाकरी आम्ही तिथंच खाल्ली,
तो तुकड्यावर, मी पायरीवर.
खाल्ल्यावर त्यानं कडी काढली,
पायरीच्या तुकड्याला लावून बघितली, एकदा आडवी, एकदा उभी,
आकडा कुणालाच सांगितला नाही, परत पिशवीत टाकली.
बुरुजावरून खाली हिरण्यकेशी दिसली,
कारखान्याची चिमणी, हायवेवर ट्रकांची माळ,
आणि त्या पलीकडं कुठंतरी ती रेघ,
जी मी जन्मभर कागदावरच बघितली.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, कुठून बसला?
बसलिंगनं गडाचं एक नाव सांगितलं,
मी दुसरं.
त्यानं मान वर केली नाही.
मशीनमधून दोन तिकिटं निघाली,
सारख्याच पैशांची.